जाताना दहा तास, येताना नऊ

सांगलीच्या मावशीचा नातू लंडनला शिकायला निघाला, तेव्हा तिने मला फोनवर विचारलं, "लंडन लांब किती रे मुंबईपासून?"

मी म्हटलं, "दहा तास."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे आमच्या सांगलीएवढंच की!"

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली तर मुंबईहून सांगलीला पोचायला नऊ-दहा तास लागतात, हे खरंच आहे. मावशीचा हिशेब चुकला म्हणावं तर नेमका कुठे, ते मला सांगता येईना. तिने अंतर विचारलं होतं आणि मी वेळ सांगितली होती. त्यावर तिने दुसरा प्रश्न टाकला, "आणि यायलाही दहाच ना?" मी म्हटलं, नाही, येताना साधारण नऊ. "असं कसं? रस्ता तोच ना?"

फोनवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर रस्ताही तोच नसतो आणि तासही तेच नसतात.

अंतर वेळेत सांगायची सवय काही विमानांनी लावलेली नाही. "मजल दरमजल करत" असं आपण अजून म्हणतो. ही मजल म्हणजे एका दिवसात उरकणारी वाट. सैन्याची मजल, वारकऱ्यांची मजल. सपाटीला ती लांब, घाटात आखूड. आळंदीहून पंढरपूर किती लांब, असं वारकऱ्याला विचारा, तो मुक्काम मोजून सांगेल. मैलाचे दगड आले आणि अंतर वेळेपासून सुटं झालं. विमानाने त्या दोघांची पुन्हा गाठ घातली आहे. लंडन किती किलोमीटरवर आहे हे नियमित जाणाऱ्यांपैकीही फार थोडे सांगू शकतील, पण तास सगळ्यांना पाठ असतात.

किलोमीटरचा आकडा मात्र पक्का आहे. मुंबई विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून जवळात जवळची रेघ सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ही रेघ भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही. त्यासाठी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्यावा, एक दोरा मुंबईवर दाबून धरावा आणि दुसरं टोक लंडनवर नेऊन ताणावं. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. भूगोलात हिला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाचा एक तुकडा. भिंतीवरचा नकाशा पुष्कळदा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो. ती त्याने १५६९ साली खलाशांसाठी काढली. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्याला त्यावर सरळ रेघ मिळते, पण ती जवळची वाट नसते. खुर्चीसमोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग कमानीसारखा दिसतो आणि शेजारचा प्रवासी म्हणतो, "एवढा वळसा कशाला?" तेव्हा बहुतेक वेळा वाकडा असतो तो नकाशा.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण काही वळसे खरे असतात.

तो मुंबई-लंडनचा दोरा कुठून जातो ते बोटाने बघत चला. अरबी समुद्र संपला की पाकिस्तानचा मकरान किनारा, मग इराणची पूर्वेकडची कड, कास्पियन समुद्राचं दक्षिण टोक, कॉकेशसचे डोंगर, काळ्या समुद्राचा कोपरा, क्रिमिया, युक्रेन आणि तिथून जर्मनीवरून लंडन. पृथ्वीवरची सगळ्यात जवळची वाट, आणि तिच्यावर आज सरळ उडता येत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. त्याच देशाच्या पूर्व भागात १७ जुलै २०१४ रोजी मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि त्यातले सगळे २९८ जण गेले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. इराण आणि इराकवरून जाणं कधी चालतं, कधी नाही. मग विमान समुद्रावरून ओमान-सौदीच्या बाजूने किंवा तुर्कस्तानवरून असं कुठून कुठून वाट काढत जातं. काहीशे किलोमीटर वाढतात. नेमके किती, ते त्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर अवलंबून.

या वळशांचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण लंडनचं नाही, ताश्कंदचं आहे. दिल्ली ते ताश्कंद सरळ अंतर १,६०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई-कलकत्त्याएवढंच. इंडिगोची लहान विमानं तिथे सहज जात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झालं आणि काही दिवसांतच कंपनीने ताश्कंद आणि अल्माटी या दोन्ही सेवा थांबवल्या. कारण सरळ होतं. अरबी समुद्रावर उतरून, इराणवरून वर चढून जायचं तर तेवढं अंतर त्या विमानांच्या टाकीत मावत नव्हतं. शहरं होती तिथेच राहिली, पृथ्वीगोलावरचा दोराही तेवढाच राहिला, आणि ताश्कंद त्या कंपनीच्या आवाक्याबाहेर गेलं.

समुद्रावर याच्या उलट घडलं होतं. आफ्रिकेला वळसा घालून मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजाला जवळजवळ वीस हजार किलोमीटर कापावे लागत. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि तेच अंतर साडेअकरा हजारांवर आलं. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. प्रवासी पस्तीस, विमान चार पंख्यांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन. ते १० जूनला लंडनला उतरलं. १९६० मध्ये एअर-इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि दिवसांचे तास झाले. गंमत अशी की त्यानंतरच्या साठेक वर्षांत प्रवासी विमानांचा हवेतला वेग जवळजवळ वाढलेलाच नाही. आजचं बोइंग ७८७ तासाला नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतं आणि ७०७ साधारण तेवढंच उडत असे. वाचलेला वेळ हा मधले थांबे गेल्यामुळे वाचला आहे.

आता मावशीचा दुसरा प्रश्न, येताना कमी वेळ का.

याचं एक लोकप्रिय आणि साफ चुकीचं उत्तर आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना लंडन आपल्याकडे सरकत येतं वगैरे. तसं असतं तर जातानाच कमी वेळ लागायला हवा होता. मुंबईच्या अक्षांशावर जमीन तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते आहे, विमानाच्या वेगाच्या दीडपटीहून जास्त. पण तिच्याबरोबर हवाही फिरते. धावत्या एसटीत शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलता येतो तो याच कारणाने. शेंगदाण्यालाही एसटीचा वेग असतो. विमान हवेत पोहतं आणि हवा जमिनीबरोबर फिरते, त्यामुळे फिरण्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी कटतो.

उरतो तो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. रुंदी काहीशे किलोमीटर, जाडी दोन-चार किलोमीटर, आणि वेग हिवाळ्यात तासाला दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. १९२० च्या दशकात जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून सोडून हे वारे मोजले. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या नव्याने घडवलेल्या जागतिक भाषेत लिहिला. परिणामी जगाने तो वाचलाच नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर एवढ्या उंचीवरून जाऊ लागली, तेव्हा वैमानिकांना याच वाऱ्याने भंडावून सोडलं. जगाची भाषा निवडताना जगात ती किती जणांना येते हेही बघावं लागतं, एवढाच यातला भाषिक धडा.

या वाऱ्याचं गणित पाटीवर मांडता येईल इतकं सोपं आहे. वळसे धरून वाट ७,६०० किलोमीटर झाली असं समजा. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वाटेतला वारा सरासरी ५०. जाताना वारा समोरून, म्हणून जमिनीवरचा वेग ८५० आणि वेळ ८ तास ५६ मिनिटं. येताना वारा पाठीमागून, वेग ९५०, वेळ बरोबर ८ तास. झाला तासाचा फरक. उरलेली मिनिटं दोन्हीकडे जमिनीवर जातात, त्यांच्याकडे येतोच. आता एक बारीक गोष्ट. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून १६ तास ५३ मिनिटं लागली असती. वाऱ्यामुळे १६ तास ५६ लागली. वाऱ्याने जाताना जे घेतलं ते येताना पुरतं परत केलं नाही, तीन मिनिटं दलाली ठेवली. वारा वाढला की दलाली वाढते. कारण सरळ आहे, समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी.

पाठीमागचा वारा काय करू शकतो याचा नमुना म्हणजे फेब्रुवारी २०२० मधली ब्रिटिश एअरवेजची न्यूयॉर्क-लंडन खेप. अटलांटिकवर कियारा वादळ घोंघावत होतं. विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला आणि ते ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याच वाटेला सहा तासांहून जास्त लागतात. १,३०० म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त, तरी विमानाने आवाजाचा वेग ओलांडला नव्हता. सभोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच चालीने जात होतं. हवाच पळत होती.

आणि वारा मिळणार असेल तर लांबचा रस्ताही परवडतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा दोरा पृथ्वीगोलावर ताणून बघा, तो पार उत्तरेला आर्क्टिक महासागरावरून जातो. एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून पश्चिमेला जात असे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढली आणि वेळ दोन तासांच्या आसपास कमी झाला. त्याच दोन शहरांमध्ये जास्त अंतराला कमी वेळ, आणि तेही त्याच जातीच्या विमानाने. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी, सगळ्या स्त्रिया, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आल्या, त्या मात्र उत्तर ध्रुवावरून. प्रवास सतरा तासांच्या आसपासचा.

आपल्याकडच्या आकाशात या वाऱ्यांची आणखी एक तऱ्हा आहे. हिवाळ्यात पश्चिमेचा जेट उत्तर भारतावर, हिमालयाच्या अलीकडे असतो. मॉन्सून आला की तो हिमालय ओलांडून तिबेटच्या पलीकडे जातो आणि दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर चक्क उलटा, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा जेट तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यावर लिहिलं आणि तो जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. खाली नैर्ऋत्येचा वारा आपली छत्री उलटी करत असतो, तेव्हा वर वारा बरोबर विरुद्ध दिशेला धावत असतो. म्हणून "पश्चिमेला जाताना वेळ जास्त" हा नियम सगळ्या ऋतूंना आणि सगळ्या वाटांना लावू नये.

या सगळ्यामुळे एकाच क्रमांकाचं विमान सोमवारी एका वाटेने जातं आणि मंगळवारी दुसऱ्या. उड्डाणाच्या काही तास आधी कंपनीच्या कचेरीत डिस्पॅचर वाऱ्यांचे अंदाज, बंद आकाशं, इंधन आणि वजन यांचा मेळ घालून त्या दिवसाचा मार्ग काढतो आणि वैमानिक तो तपासून सही करतो.

आता तिकिटावरच्या वेळेबद्दल. मुंबई-दिल्ली हे सरळ अंतर १,१४० किलोमीटर. रेल्वेने ते १,३८५ च्या आसपास होतं. विमान ताशी ८३० ने जातं म्हटलं तर १ तास २२ मिनिटं पुरे. तिकिटावर असतात सव्वादोन तास. मधली त्रेपन्न मिनिटं कुठे जातात, हे बघायला मी एकदा सकाळी सातच्या विमानात घड्याळ घेऊन बसलो. ७.०२ ला विमान मागे ढकललं गेलं. ७.०८ ला स्वतःच्या जोरावर चालू लागलं. मग धावपट्टीशी रांग, पुढे सहा विमानं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि उतरणारी, उडणारी सगळी विमानं तिच्यावरच. ७.२४ ला चाकं सुटली. दिल्लीला ९.०२ ला टेकली. तिथे धावपट्टीपासून इमारतीपर्यंत एवढं चाललो की वाटलं, गुरुग्राम आलं. ९.१७ ला थांबलो.

म्हणजे हवेत १ तास ३८ मिनिटं. तीही ८२ नाहीत, ९८. वर चढताना आणि खाली उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. १०,००० फुटांच्या खाली साधारण ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते. शिवाय दिल्लीजवळ आलं की उतरणाऱ्यांच्या रांगेत लावण्यासाठी त्याला इकडे-तिकडे वळवतात. कधी आकाशातच लंबगोल घिरट्या घालायला सांगतात. अशी एक फेरी साधारण चार मिनिटांची.

तिकिटावरची वेळ ही उड्डाणाची वेळ नसतेच. चाकांचे ठोकळे निघाल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो काळ. या धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. शिवाय कंपन्या त्यात पाच-दहा मिनिटं पदरची घालतात, कारण ठरल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलेलं विमान 'वेळेवर' धरलं जातं. मग "आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचलो आहोत" अशी अभिमानाची घोषणा होते. मला यात थोडी लबाडी वाटते, पण राग येत नाही. लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्ताबाबत आपणही काही वेगळं करत नाही.

घड्याळांचा गोंधळ एका दमात सांगतो. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. जानेवारीत मुंबईहून दुपारी एकला निघालेलं विमान दहा तासांनी लंडनला उतरतं तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तिकिटावर हा प्रवास साडेचार तासांचा भासतो. येताना रात्री नऊला निघून नऊ तासांनी मुंबईत सकाळचे साडेअकरा, म्हणजे भासतात साडेचौदा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. वजाबाकी करायची नाही.

मावशीचा नातू नाताळच्या सुट्टीत असाच साडेअकराच्या विमानाने आला. ती सांगलीहून रात्रीच्या गाडीने निघाली आणि सकाळी नऊलाच बाहेरच्या कठड्याशी उभी राहिली. विमान पस्तीस मिनिटं लवकर टेकलं, मग उभं राहायला जागा मिळेना म्हणून वीस मिनिटं मैदानातच थांबलं. पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा धरून पोरगा बाहेर आला तेव्हा सव्वाबारा वाजले होते. "लंडन दहा तास म्हणालास," मावशी मला म्हणाली, "आणि या दारातून बाहेर यायलाच एक तास?"

तेव्हा कुणाला घ्यायला जाणार असाल तर तिकिटावरच्या वेळेत सरळ एक तास मिळवा, आणि घरून निघण्याआधी विमान आत्ता कुठे आहे ते फोनवर बघा. फ्लाइटरडारसारख्या सोयींवर ते फुकट दिसतं.